फूल, दोन पाने आणि एक जन्मदाखला

"आत्या, बाबांचा पोर्तुगीज अमदानीतला जन्मदाखला तुझ्याकडेच आहे ना?"

2016 सालच्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला हा प्रश्न विचारला. पावसाची पहिली सर नुकतीच पडून गेली होती, आणि म्हापशाच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर आम्ही दोघे चहा घेत बसलो होतो. त्याने प्रश्न विचारला तो अर्थातच कोकणीत. मी तो येथे मराठीत लिहिते आहे. घरात बोलायचे एका भाषेत आणि कागदावर उतरवायचे दुसऱ्या, ही आमच्याकडील शेकडो घरांची जुनी रीत आहे, आणि आमच्या प्रांतात जे एक मोठे वादळ झाले त्याचे अर्धेअधिक मूळ या रीतीतच होते. त्या वादळाविषयी पुढे येईलच.

भाच्याला तो दाखला कशासाठी हवा होता हे मला विचारावे लागले नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, आणि त्याच्या पुढल्या दोन पिढ्यांना, पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक म्हणून नोंद करू देतो. जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात चढवायची, मग तिथले ओळखपत्र, मग पारपत्र. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही. ते पारपत्र हाती आले की भारताचे नागरिकत्व संपते. पण पोर्तुगाल 1 जानेवारी 1986 पासून युरोपच्या व्यापारसंघात आला, आणि त्या दिवसापासून या कागदाचे मोल पालटले. लिस्बनचा रस्ता लंडनपर्यंत जाऊ लागला. इंग्लंडातील स्विंडन नावाच्या गावात आज गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यातील पुष्कळांनी लिस्बन शहर डोळ्यांनी पाहिलेलेदेखील नाही.

"शोधायला हवा," मी म्हणाले.

हे खोटे होते. तो दाखला आप्पांच्या शिसवी पेटीत, ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतीखाली, तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेला आहे हे मला पक्के ठाऊक होते. माझा धाकटा भाऊ ऑगस्ट 1955 मध्ये जन्मला. त्याच महिन्याच्या पंधरा तारखेला पत्रादेवीला, आमच्या पेडणे महालाच्या सीमेवर, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आमचे मूळ घर पेडण्याचे. आप्पा म्हापशास कापडाचे दुकान चालवीत, पण त्यांचा जीव शापोरा नदीच्या पलीकडे. मुलाच्या जन्माची नोंद करावयास कचेरीत गेले तेव्हा हात थरथरत होता, असे ते पुढे आईला सांगत. ज्यांनी पत्रादेवीला माणसे मारली त्यांच्याच मुद्रेचा तो कागद. आणि आता त्यांचाच नातू तो कागद दाखवून त्याच राज्याचा नागरिक होऊ पाहत होता. माझ्या मनाने घेतले नाही.

पण केवळ पत्रादेवीमुळेच मी खोटे बोलले असे म्हटले तर तेही अर्धसत्य ठरेल. त्या पेटीत त्याच भावाचा एक लहान कोटही होता. त्याची हकीकत सांगायची तर पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

गोवा मुक्त झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. डिसेंबर 1963 मध्ये पहिली निवडणूक झाली. तीस जागांपैकी सोळा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मिळाल्या आणि बारा युनायटेड गोवन्स पक्षाला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते. एका बाजूचे म्हणणे, गोवा हा महाराष्ट्राचाच भाग, तो त्यात विलीन व्हावा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, गोवा वेगळा आहे, तो वेगळाच राहावा. हे भांडण मिटेना, तेव्हा संसदेने 1966 च्या डिसेंबरात कायदा करून लोकांनाच विचारायचे ठरविले. बांदोडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, केंद्राची राजवट आली, आणि 16 जानेवारी 1967, सोमवार, हा कौलाचा दिवस ठरला. विलीनीकरणाला चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाच्या भवितव्याचा निकाल असा थेट लोकांच्या मताने लागल्याची उदाहरणे विरळाच.

आप्पा फुलाचे. त्यांच्या दुकानात सकाळी 'गोमन्तक' यायचा आणि गल्ल्यावर उघडा असायचा. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. पेडणे तर 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचे. बार्देस आणि साष्टीपेक्षा अडीचशे वर्षे मागाहून. त्यामुळे आमच्याकडे देवळातले कीर्तन, जत्रेतला दशावतार, मुलीची सोयरीक, सगळ्यांची तोंडे उत्तरेला. आप्पांच्या मते ती सीमारेषा परक्याने आखलेली, परका गेला की तीही पुसायला हवी. त्यात एक भयही होते, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. महाराष्ट्राबाहेर राहिलो तर दोन पिढ्यांत आपली मराठी जाईल, असे ते म्हणत.

आमच्या दुकानासमोर एका ख्रिस्ती शिंप्याचे दुकान होते. सारा बाजार त्यांना मेस्त म्हणे, आम्हीही मेस्तच म्हणत असू. गिऱ्हाईक आमच्याकडे कापड घेई आणि रस्ता ओलांडून मेस्तांकडे माप देई. दोन्ही दुकाने एकमेकांवर चालत. दुपारी उन्हाच्या वेळी मेस्त आमच्या ओट्यावर येऊन बसत, आणि कौलाच्या आधीच्या दोन महिन्यांत त्या ओट्यावर जे वाद झाले ते मी आतल्या दाराआडून ऐकत असे. मेस्तांची मुलगी माझ्याच वयाची. तीही कधी कधी येऊन माझ्याशेजारी उभी राही.

"कापड एकच आहे, मेस्त. मधून कात्री पोर्तुगीजाने चालवली," आप्पा म्हणत.

"कापड एक असेल, शेट," मेस्त म्हणत, "पण माप वेगळे घेतले आहे. चारशे-साडेचारशे वर्षे त्या मापाचे घातले. आता म्हणता दुसऱ्याच्या अंगचा कोट घाला."

मेस्तांना दारूबंदीची धास्ती होती, नोकऱ्या घाटावरच्यांना जातील ही होती, आणि सगळ्यांत मोठी ही, की एवढ्या थोरल्या राज्यात आपण एक जिल्हा होऊन राहू आणि आपले गाऱ्हाणे ऐकायला मुंबईत कोणाला सवड नसेल. आप्पांचे त्यावर उत्तर ठरलेले असे: आज तरी कुठे आपला कारभार आपल्या हाती आहे? केंद्रशासित म्हणजे दिल्लीच्या हातचे. दिल्लीपेक्षा मुंबई जवळ नाही का? यावर मेस्त गप्प होत. पण मत बदलत नसत.

हा वाद हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा होता, असे पुष्कळ जण आजही सांगतात. ते खरे नव्हे. तसे असते तर फूल हटकून जिंकले असते, कारण गोव्यात हिंदूंची संख्या जास्त. दोन पानांची बाजू मांडणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मडगावहून निघे, आणि ते निघे मराठीतून. उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' सोडत, तेही मराठीतच. महाराष्ट्रात जाऊ नका हे लोकांना पटवायला मराठीच लागली. आप्पांना या गोष्टीचा संताप येई. मला मात्र शिक्षिका झाल्यावर तिचे कौतुक वाटू लागले. उल्हास बुयांव यांची गाणी, मनोहरराय सरदेसाय यांच्या कविता यांनी कोकणीतून रान पेटवले ते वेगळेच. बहुजन समाजातील हजारो कुळांनी बांदोडकरांवरील विश्वासापोटी फुलाला मत दिले, आणि पुष्कळ सारस्वत घरांनी दोन पानांना. एकेका घरात भाऊ भावाविरुद्ध होता. गोव्याबाहेर, मुंबईत वगैरे राहणाऱ्या गोमंतकीयांना या कौलात मत नव्हते. आम्हा दोघींनाही नव्हते. तेव्हा मताचे वय एकवीस होते.

19 जानेवारीला निकाल लागला. दोन पानांना 1,72,191 मते, फुलाला 1,38,170. अंतर 34,021 मतांचे. पेडणे, डिचोली, सत्तरी यांनी फुलाला हात दिला होता. साष्टीने दोन पानांवर मतांचा पाऊस पाडला. म्हापशाच्या रस्त्यावर फटाके वाजले. मेस्तांनी फटाके वाजवले नाहीत. ते आपल्या मशीनवर बसून होते. पण दुकानाच्या दाराला कोणीतरी आंब्याचा टाळा बांधला होता, आणि आप्पांनी तो पाहिला.

कौलाच्या आठवडाभर आधी आप्पांनी स्वतःच्या हाताने उत्तम सर्जाचे कापड कापून मेस्तांकडे दिले होते. माघात पेडण्याला माझ्या मावसबहिणीचे लग्न होते. भावाला, तेव्हा तो अकरा वर्षांचा, पहिला कोट शिवायचा होता. निकालानंतर आप्पा तो कोट आणायला गेले नाहीत. आईने आठवण केली तेव्हा म्हणाले, "त्यांच्या हातचे नको." भाऊ रडला, हट्ट करून जमिनीवर लोळला. लग्नाला तो शाळेच्या सदऱ्यावर गेला आणि फोटोत सगळ्यांच्या मागे उभा राहिला. दुपारी ओट्यावर मेस्त यायचे थांबले. गिऱ्हाईकाने विचारले की आप्पा खालच्या आळीतल्या दुसऱ्या शिंप्याचे नाव सांगू लागले. मेस्तांचे दुकान समोर, दिवसभर डोळ्यांपुढे; त्या पाच पावलांच्या रस्त्याचा पट्टा कसा रुंद झाला ते मी रोज पाहत होते. मैत्रीण विहिरीवर भेटली तर आम्ही दोघी काही झालेच नाही असे बोलत असू. पण घरी परतताना एकीने आधी जायचे आणि दुसरीने थोड्या वेळाने.

मार्चमध्ये निवडणूक झाली आणि बांदोडकर पुन्हा निवडून आले. ज्या लोकांनी त्यांचे विलीनीकरण नाकारले, त्यांनीच कारभार मात्र त्यांच्याकडे दिला. राजकारणाचे पंडित यावर काय म्हणतात ते म्हणोत. मला वाटते लोकांना दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळत होते. आप्पांना त्या निकालाने जरा उभारी आली, पण मेस्तांशी अबोला सुटला नाही.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात, हे वाचकांतील काहींना नवल वाटेल. शिरगावची लईराई आणि ही सायबीण बहिणी बहिणी मानल्या जातात. डिचोली महालातल्या देवीची बहीण बार्देसच्या चर्चमध्ये. ईस्टरनंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या त्या सोमवारी आप्पा दरवर्षी तेलाची बाटली घेऊन जात. त्या वर्षीही गेले. देवीचा वायदा, तो कोणाच्या कौलावर अवलंबून नव्हता. मी आणि भाऊ बरोबर होतो. चर्चच्या पायऱ्यांवर मेस्त उभे होते, काळा कोट घालून, फेस्ताच्या पोशाखात. दोघे समोरासमोर आले. आप्पांनी मान वळवली नाही, एवढेच. मेस्तांनी त्यांच्याकडे पाहिलेच नाही; भावाच्या खांद्यावर हात ठेवला, बोटांनी खांद्याची रुंदी मोजली, आणि म्हणाले, "पोर वाढले. कोट आता आखूड होणार. पण शिवणीत दोन बोटे कापड सोडले आहे मी. उसवून देतो. उद्या पाठवा."

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिलाई किती झाली?"

मेस्तांनी जो आकडा सांगितला तो नेहमीपेक्षा चार आणे जास्त होता. आप्पा त्यावर घासाघीस करू लागले. तेव्हा मला कळले की आता सगळे पूर्वीसारखे होणार.

पूर्वीसारखे झाले, पण वाद संपला नाही. 1984 मध्ये आप्पा गेले तोवर तो ओट्यावर चालू होता. त्यानंतर भाषेचा तंटा पेटला; 4 फेब्रुवारी 1987 रोजी कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात जागा मिळाली, आणि 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झाले. दिल्लीच्या हातचे राहणे संपायला वीस वर्षे लागली, म्हणजे आप्पांचा तो एक मुद्दा बिनतोड होता. त्या तंट्याविषयी मी येथे लिहीत नाही. त्यात मीही एका बाजूला होते आणि तेव्हा जे बोलले त्यातले सगळेच आज बोलणार नाही.

तर भाच्याने दाखला मागितला आणि मी खोटे बोलले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 24 जून 2016, शुक्रवार. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस. हरमलची मिरची, डिचोलीची मातीची भांडी, मयड्याची केळी, सारे त्या दिवशी एका जागी येते; पावसाळ्यात जरा कमी, पण बाजार भरतो. त्यात त्या दिवशी सांजांव. ख्रिस्ती मुले डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारायच्या तयारीत हिंडत होती. मी भाजी घेत असताना मैत्रीण दिसली. मेस्तांची मुलगी, आता तीही आजी. तिचा मुलगा काही वर्षांपासून स्विंडनला एका गोदामात कामाला होता. आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज झालेला. छत्री एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून ती एका दुकानाच्या वळचणीला उभी होती. मला पाहून तिने हात केला.

इंग्लंडने युरोपच्या संघातून बाहेर पडायचे ठरवले होते. आदल्या दिवशी मतदान झाले होते, आणि आपल्याकडच्या सकाळपर्यंत निकाल कळला होता. बाहेर पडा म्हणणारे सुमारे 52 टक्के, राहा म्हणणारे 48. स्विंडन गावाने स्वतः 55 टक्क्यांच्या आसपास बाहेर पडण्याला मत दिले होते.

"त्याला मत नव्हते," ती म्हणाली. "पोर्तुगीज म्हणून नव्हते. त्याच्या खोलीशेजारी केरळची एक नर्स राहते, तिच्याकडे आपले भारताचे पारपत्र; तिला होते."

हे विचित्र वाटते, पण खरे आहे. त्या कौलात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना मताचा अधिकार होता, युरोपातील बहुतेक देशांच्या नागरिकांना नव्हता. म्हणजे मेस्तांचा नातू गोमंतकीयच राहिला असता तर इंग्लंडच्या भवितव्यावर मत देऊ शकला असता. युरोपीय झाल्यामुळे त्याचे तोंड बंद झाले.

मी तिला धीर देऊ लागले. तिने माझे बोलणे मध्येच थांबवले. "तो घाबरला आहे, हे खरे. पण मला सकाळपासून पपांची आठवण येते आहे. ते इंग्रज काय म्हणतात? आपला कायदा आपण करू, लांबच्या माणसाने आमच्यासाठी ठरवू नये, मोठ्या घरात आमचे कोण ऐकते. पपा दुसरे काय म्हणत होते तुमच्या ओट्यावर?" मग जरा हसून म्हणाली, "पपा तिथे असते तर बाहेर पडा म्हणणाऱ्यांना मत दिले असते, आणि नातवाला पायात काटा मोडला असता."

समोरून दोन पोरगे गेले, भिजलेली फुले आणि पाने एकाच वळेसरात गुंफून डोक्यावर घातलेले. आम्ही दोघींनी पाहिले. बोललो काही नाही. मी पडवळ घेतले, तिने पाव घेतले, आणि घरी गेलो.

तिच्या त्या बोलण्याने मला पुष्कळ दिवस झोपू दिले नाही. ज्या भयाने मेस्तांनी दोन पाने निवडली तेच भय त्या इंग्रज कामगाराचे. आणि ज्या ओढीने आप्पांनी फूल निवडले ती ओढ, म्हणजे सीमा पुसल्या जाव्यात, एका भाषेच्या, एका रीतीच्या माणसांनी एका छपराखाली यावे, तिचेच दुसरे रूप त्या युरोपच्या संघात होते. ज्या घरांनी लहान राहण्यासाठी मत दिले त्यांची नातवंडे मोठ्या संघाच्या जिवावर पोट भरत होती. आणि मी, फुलाच्या घरची, एका लहानशा कागदावर बसून सीमा राखत होते.

तुलना ताणायची नाही. गोव्याच्या कौलात सार्वभौमत्वाचा प्रश्न नव्हताच. तो 1961 मध्ये सुटला होता. फूल असो की पाने, दोन्ही भारतातच. इंग्लंडचे तसे नाही. ते 1973 मध्ये आपण होऊन त्या व्यापारसंघात गेले, 1975 मध्ये लोकांचा कौल घेऊन तेथेच राहिले, तेव्हा राहा म्हणणारे 67 टक्के होते, आणि चाळीस वर्षांनी बाहेर पडले. एका देशाला आपल्या कायद्याचा शेवटचा शब्द आपल्याकडे हवा वाटला तर त्यात गैर काय, असे मी आजही म्हणेन. पारतंत्र्य पाहिलेल्या माणसाने तरी त्याला हसू नये. पण एक गोष्ट मला दोन्हीकडे सारखी दिसली. कौल घेताना प्रश्न दोनच उत्तरांचा करावा लागतो, आणि ज्यांचे आयुष्य त्याने सर्वांत जास्त उलटेपालटे होणार असते त्यांतल्या कितीतरी जणांना मतच नसते. शिवाय मोजणी सबंध प्रदेशाची होते. स्कॉटलंडने 62 टक्क्यांनी युरोपात राहण्याला मत दिले आणि तरी त्याला बाहेर जावे लागले. तसेच पेडण्याने फूल निवडले आणि पेडणे गोव्यातच राहिले. तेरेखोलच्या पलीकडे आमचे आजोळ, आणि मध्ये राज्याची सीमा. पेडण्याच्या म्हाताऱ्यांना स्कॉटलंडचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

आप्पांच्या भयाचे काय झाले, हे मात्र इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथल्या वाचकांपुढे मला सांगितलेच पाहिजे, कारण तुम्हीही तेच भय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आला आहात. महाराष्ट्राबाहेर राहूनही आमची मराठी दोन पिढ्यांत गेली नाही. पेडण्याच्या जत्रेत दशावतार उभा राहतो, गावोगाव देवळात मराठी नाटके होतात, मराठी दैनिके निघतात. पण मी चौतीस वर्षे मराठी शिकवले, आणि शेवटच्या वर्षांत माझ्या वर्गातली बाके रिकामी होत गेली ती मी मोजली आहेत. आधी वाटे, आप्पा खरे ठरले. मग मुंबईतही मराठी शाळा बंद पडत असल्याच्या बातम्या वाचल्या. फूल जिंकले असते तरी त्या बाकांवर मुले बसली असती असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

भाच्याला दाखला मी दिला, पण लगेच नाही. शोधते, शोधते, म्हणत तीन वर्षे काढली. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, रागावला कधी नाही. 2019 च्या चतुर्थीला तो माटोळी बांधत असताना मी पेटी उघडली, कोट बाजूला केला आणि कागद त्याच्या हातात ठेवला. कागदाला तेलकट वास येत होता. त्याने तो उलटून पाहिला आणि विचारले, "आत्या, हा एवढी वर्षे इथेच होता?" मी हो म्हणाले.

कागदपत्रे लिस्बनला गेली. मग 2020 चा मार्च आला आणि साऱ्या जगाच्या कचेऱ्या बंद झाल्या. इंग्लंड 31 जानेवारी 2020 रोजीच संघातून निघाले होते. जे त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत तेथे जाऊन राहिले त्यांनाच राहण्याचा हक्क मागता येणार होता. मेस्तांच्या नातवाने तो वेळेत मागून घेतला. माझ्या भाच्याचे पारपत्र आले 2021 मध्ये. तोवर ते दार लागले होते. तीन वर्षांचा हिशेब त्याने कधी मांडला नाही, मी मांडला.

तो आता लिस्बनमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो आणि रविवारी फोन करतो. ती भाषा त्याला येत नव्हती. मला मुक्तीच्या आधी शाळेत शिकवलेली जेवढी आठवते तेवढी मी सांगते. अडले की तो विचारतो, आणि बाराव्या वर्षी विसरायचा निश्चय केलेले शब्द मला अजून येतात याचे मलाच आश्चर्य वाटते. नवी खोली घेतली तेव्हाचा त्याचा फोन. घरमालकिणीने किल्ली हातात ठेवली आणि म्हणाली, 'शाव्ह'.

"आत्या, ही तर आपली चावी!"

कुलूप नीट लागते का ते आधी बघ, मी म्हणाले.